गढूळ पाणी आणि बाबांचा तळपाय

‘सिस्टर, माझे बाबा ६६ वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक. ते साताऱ्यात एकटे राहतात, मी पुण्यात नोकरी करते. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. चपलेतून वर आलेला खिळा नकळत टोचून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळपायाच्या उंचवट्यावर जखम झाली, त्याला पाच आठवडे झाले. दोन आठवडे ते ड्रेसिंगला गेले, मग बंद केलं. आई गेल्यापासून बाबा लाओत्झू या प्राचीन चिनी ताओवादी विचारवंताचं ‘ताओ ते चिंग’ वाचतात. ते म्हणतात, शरीर स्वतःच बरं होतं, माणूस मध्ये ढवळाढवळ करतो म्हणून बिघडतं. गढूळ पाणी स्थिर ठेवलं की आपोआप निवळतं. गोळ्याही दिवसाआड घेतात. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालून येतात, संध्याकाळी गरम पाण्यात पाय बुडवून बसतात. जखम दुखत नाही, म्हणजे ती भरतेय असं त्यांचं म्हणणं. मोजा मात्र रोज ओला होतो. गेल्या रविवारी आमचं मोठं भांडण झालं आणि मी त्यांचं पुस्तक उचलून पुण्याला घेऊन आले. चार वर्षांपूर्वी माझ्या काकांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला होता. ताओ खरंच असं सांगतो का? आणि बाबांशी बोलू कसं? – एक मुलगी, पुणे’

बाळ, तुझं पत्र आलं त्याच दिवशी या उत्तराचा पहिला भाग मी तुला ईमेलने पाठवला, कारण तो छापून येईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता. इतर वाचकांच्या घरीही असे पाय असतील म्हणून इथे पुन्हा देते. बाबांना या दोन दिवसांत मधुमेही पायांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे ने. तसे जवळ नसतील तर सर्जनकडे. ते पायातला रक्तपुरवठा तपासतील, जखम हाडापर्यंत पोचली आहे का ते बोथट सळईने चाचपतील आणि एक्स-रे काढतील. रक्तातली साखर आणि तिची तीन महिन्यांची सरासरी बघतील. तळपायाला कितपत कळतं तेही नायलॉनच्या बारीक तारेने टेकवून पाहतील. गोळ्या पूर्वीसारख्या रोज सुरू करायच्या, आणि डोस बदलायचा असेल तर तो डॉक्टरांनी. गरम पाणी आजपासून बंद. ज्या पायाला खिळा कळला नाही त्याला पाण्याचा चटकाही कळणार नाही, आणि जखमेशेजारी भाजल्याचे फोड घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. पाऊल सुजलं, लाल झालं, हाताला गरम लागलं, जखमेला वास येऊ लागला, काळा किंवा निळसर डाग दिसला, ताप-थंडी आली, कारण नसताना साखर चढली किंवा पाऊल गार पडलं, तर दोन दिवससुद्धा थांबू नकोस. त्याच रात्री दवाखाना गाठ.

एवढं झालं की दुसरं काम कर. बाबांचं पुस्तक त्यांना परत दे.

मला ठाऊक आहे, तुला ते पुस्तकच शत्रू वाटतंय. मी २६ वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काढली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त काळ लाओत्झू आणि त्याच ताओ परंपरेतला च्वांगत्झू, या दोघांची पुस्तकं माझ्या पिशवीत होती. रात्रपाळीत चहा झाला की दोन पानं वाचायची, असं चालायचं. म्हणून तुला खात्रीने सांगते, बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार मोठं आहे. ते आधी मान्य केल्याशिवाय पुढचं अर्धं ते ऐकणार नाहीत.

जखम शरीरच भरतं. कुठल्याही डॉक्टरने, कुठल्याही सिस्टरने आजवर एकही जखम भरलेली नाही. कातडी फाटली की काही मिनिटांत रक्तातल्या प्लेटलेट तिथे गोळा होऊन बूच बसवतात. पुढच्या तासांत पांढऱ्या पेशी येतात, आधी जंतू मारणाऱ्या आणि मागोमाग मेलेलं सगळं खाऊन जागा साफ करणाऱ्या. या सफाईवाल्या पेशीच मग गवंड्यांना हाक मारतात. जाळी विणली जाते, केसाहून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात आणि जखमेच्या तळातून डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलसर मांस वर येतं. ते दिसलं की आम्ही एकमेकींना बोलावून दाखवायचो. मग कडेने नवी कातडी पातळ सायीसारखी सरकत सरकत मध्यावर येते. वरून भरलेली जागा आतून पुढे वर्षभर घट्ट होत राहते, तरी मूळ कातडीच्या ताकदीच्या ८० टक्क्यांपलीकडे ती जात नाही. यातलं काहीही आपण सांगून होत नाही. लाओत्झूचा यासाठीचा शब्द ‘त्झरान’. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, आपसूक.

आता ते गढूळ पाणी. हे वाक्य बाबांनी मनाने घातलेलं नाही. ‘ताओ ते चिंग’ची ८१ छोटी प्रकरणं आहेत, त्यातल्या पंधराव्यात ते आहे. गढूळ असताना स्थिर राहून हळूहळू निवळणं कुणाला जमतं, असं लाओत्झू विचारतो. बाबांनी ते धरून ठेवलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं. फक्त त्यांना एवढा प्रश्न विचार: पाणी निवळायचं तर भांडं कुणी हलवायचं नाही, मग बाबांचं भांडं कोण हलवतंय?

जखम नेमकी कुठे आहे ते बघ. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा. चालताना टाच उचलली की सगळं वजन तिथे येतं, आणि चढावर तर जास्तच. बाबा पहाटे गड चढतात तेव्हा रात्रभरात वर आलेल्या त्या कोवळ्या लाल दाण्यांवर हजारो वेळा एक अख्खा माणूस उभा राहतो. शरीर रात्री विणतं, बाबा सकाळी उसवतात. डॉक्टर पट्टी बदलायला दहा मिनिटं घेतात, त्याला बाबा ढवळाढवळ म्हणतात, आणि दोन तासांच्या चालण्याला निसर्ग म्हणतात. ढवळणारा पाय त्यांचाच आहे, आणि तो दुखत नसल्यामुळे त्यांना ते समजतही नाही.

आमच्याकडे एक आजोबा आले होते, बैलगाडीवाले. तळपायाला आठ महिन्यांची जखम. नाना मलमं, झाडपाला, हळद, सगळं लावून झालेलं. रक्तपुरवठा चांगला निघाला, जंतूंचा प्रादुर्भाव आटोक्यात आला, तेव्हा सरांनी गुडघ्याखाली पूर्ण प्लास्टर घातलं. त्यात पावलावरचा भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, जखमेच्या जागी टेकत नाही. दर आठवड्याला मी ते कापायचे, जखम मोजायचे, नवीन घालायचं. सातव्या आठवड्यात कातडी मिटलेली. आजोबांनी हात जोडून विचारलं, ‘सिस्टर, आत कुठलं औषध घालत होता एवढं सांगा, गावात आणखी दोघांना पाहिजे.’ आत कापूस होता. दुसरं काहीही नव्हतं. साखरेचं औषध पोटातून चालू होतं, पण जखमेवर आम्ही फक्त एक गोष्ट केली होती, आजोबांना तिच्यावर उभं राहू दिलं नव्हतं. ताओचं तत्त्वज्ञान मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं पुस्तकातून कधी कळलं नव्हतं.

ही गोष्ट आपल्या देशात ज्यांनी डोळे उघडून पाहिली ते डॉ. पॉल ब्रँड. १९४६ साली ते वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांचे हातपाय बघू लागले. लोकांची समजूत अशी की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, ते मांसच वाईट, ते भरून येतच नाही. ब्रँड यांच्या लक्षात आलं की मांस भरून येतं, अगदी तुमच्या-माझ्यासारखं येतं. प्लास्टरमध्ये ठेवलं की जखमा मिटत, आणि माणूस पुन्हा तसाच चालू लागला की उघडत. दोष होता तो वेदना हरवल्याचा. दगड टोचला तरी लंगडायचं कुणी सांगत नव्हतं. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांची काळजी आज जगभर घेतली जाते, तिच्यात या कुष्ठरुग्णांच्या पायांचा फार मोठा वाटा आहे. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला मधुमेहींना देतात, त्याही याच वाटेने आल्या. त्या चपलांना पुष्कळ जण नाक मुरडतात. मला त्या पाहिल्या की हात जोडावेसे वाटतात.

आता बाबांच्या मुख्य शब्दाकडे येते, ‘वू वेइ’. शब्दशः ‘न करणं’. यावरून पुष्कळांचा समज होतो की ताओवादी माणूस हात बांधून बसतो. पण अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात हाच शब्द ज्या वाक्यात आहे त्याचा शेवट असा आहे की काही केलं नाही, आणि काही करायचं राहिलंही नाही. जे राहिलं नाही त्यात ड्रेसिंगही आलं. चौसष्टाव्या प्रकरणात तर लाओत्झू आणखी उघड बोलतो. शहाणा माणूस साऱ्या गोष्टींच्या आपसूकपणाला साहाय्य करतो आणि जबरदस्ती करायला धजत नाही, असं ते वाक्य आहे. साहाय्यासाठी तिथे ‘फू’ हे अक्षर आहे, आणि त्या अक्षराच्या डाव्या अंगाला गाडीची खूण आहे. जुन्या चिनीत गाडीला बाजूने दिलेल्या लाकडाच्या आधाराला ‘फू’ म्हणत. गाडी ओढायचं काम ते लाकूड करत नाही. ते फक्त मोडू देत नाही. आमच्या बैलगाडीवाल्या आजोबांना हे दोन मिनिटांत पटलं असतं.

त्याच प्रकरणात ते जगप्रसिद्ध वाक्यही आहे, हजार लीच्या प्रवासाचं. ली हे अंतराचं जुनं चिनी माप. सगळीकडे ते ‘पहिल्या पावलाने सुरू होतो’ असं सांगतात. मूळ अक्षरं ‘पायाखाली’ अशी आहेत. हजार लीचा प्रवास पायाखाली सुरू होतो. आणि त्याच्या थोडं आधी म्हटलंय की गोष्ट उद्भवण्याआधी तिचा बंदोबस्त करा, गोंधळ माजण्याआधी तो आवरा. बाबांना हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायला सांग. तू वाचू नकोस, त्यांनाच वाचू दे.

ते सुरीला घाबरत असतील. डॉक्टर कदाचित जखमेच्या कडेचं जाड, कडक कातडं आणि आतलं मेलेलं मांस काढतील. बघणाऱ्याला ते क्रूर वाटतं. पण घट्टा म्हणजे चपलेत अडकलेला खडाच, फक्त तो स्वतःच्या कातडीचा असतो. तो काढला की त्या जागेवरचा दाब उतरतो. मेलेलं मांस राहिलं तर जंतूंना घर मिळतं आणि सफाईवाल्या पेशी तिथेच अडकून पडतात. च्वांगत्झूच्या तिसऱ्या प्रकरणात तिंग नावाचा आचारी राजासमोर बैल सोलतो. साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला, तिंगची सुरी १९ वर्षं झाली तरी नुकती धार लावल्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यांमधल्या पोकळीतून सुरी नेतो. आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो पुढचा भाग: गुंतागुंतीची जागा आली की तो थबकतो, नजर तिथे रोखतो, हात अगदी सावकाश करतो, आणि सुरी जराशी हलवतो. राजा म्हणतो, मला आज जीवनाचं पोषण कसं करावं ते कळलं. चांगल्या सर्जनचा हात मी असाच थबकताना पाहिलाय. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं, त्या रेषेवर. म्हणजे ताओवाद्यांना सुरीचं वावडं नाही, त्यांच्या आवडत्या गोष्टीत सुरीच आहे.

औषधाचंही तसंच. १९७३ साली चीनच्या हुनान प्रांतात मावांगदुई इथे इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेलं एक थडगं उघडलं. त्यात लाओत्झूच्या ग्रंथाच्या दोन रेशमी प्रती मिळाल्या. त्याच थडग्यात ५२ व्याधींवरच्या उपायांचं हस्तलिखितही होतं, आणि त्याची सुरुवातच जखमांपासून होते. मेलेल्या माणसाबरोबर या दोन्ही गोष्टी ठेवणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं. पुढे चौथ्या शतकात गे हाँग झाला, ताओवाद्यांमधला फार मोठा माणूस. त्याने अडीअडचणीला हाताशी असावीत अशा औषधांची पोथी लिहिली. त्यात थंडीतापासाठी लिहिलंय की मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. सोळाशे वर्षांनी, १९७०च्या सुमारास, तू यूयू या चिनी संशोधिका मलेरियाचं औषध शोधत होत्या. उकळलेल्या अर्काचा गुण टिकत नव्हता. गे हाँगचं ते वाक्य वाचताना त्यांना जाणवलं की तो उकळा म्हणत नाही, पिळा म्हणतो. त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. गे हाँग जर म्हणाला असता की ताप आपसूक उतरेल, हात लावू नका, तर मलेरियावरच्या या औषधाची वाट कुणाला सापडली असती?

इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगते, कारण अशा वेळी कुणीतरी शेजारी भस्म किंवा काढा घेऊन येतोच. ताओवाद्यांमध्ये अमर होण्याचं रसायन बनवणारेही होते. पारा आणि हिंगूळ घालून केलेल्या त्या गोळ्यांनी तांग घराण्यातल्या एकाहून अधिक सम्राटांचा बळी घेतला. शरीराला घाई करायला लावणारे ते लोक होते. लाओत्झूचा आणि त्यांचा मार्ग एक नाही.

राहता राहिलं बाबांचं सगळ्यात घातक वाक्य, ‘दुखत नाही, म्हणजे भरतेय’. १४ वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात. सुरुवात बोटांपासून होते, माणसाला कळतही नाही, कारण न कळणं हाच तो आजार. पायात पेरलेला पहारेकरी झोपी जातो. मग खिळा आत शिरतो आणि मोज्याला रक्त लागलेलं बघून माणसाला समजतं. एकाहत्तरावं प्रकरण अवघं काही ओळींचं आहे. आपल्याला कळत नाही हे कळणं उत्तम, कळत नसताना कळतंय असं वाटणं हा रोग, आणि रोगाला रोग म्हणून ओळखलं तरच माणूस निरोगी राहतो, असं त्यात म्हटलंय. लाओत्झू ज्ञानाबद्दल बोलत होता, पण मधुमेहाच्या पायाबद्दल याहून नेमकं वाक्य मी वैद्यकीच्या पुस्तकातही वाचलेलं नाही. बाबांच्या तळपायाच्या नसांचं काम आता त्यांच्या डोळ्यांनीच करायला हवं. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे आणि बोटांच्या फटी बघायच्या. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. घरात, अंगणात, देवळातही अनवाणी नाही.

आता तुझ्या पत्रातल्या एका ओळीबद्दल. काकांचा पाय काढला हे तू शेवटाशेवटाला, जाता जाता लिहिलंस. मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीवर उभं आहे. बाबांनी भावाला दवाखान्यात चालत जाताना आणि खुर्चीवर परत येताना पाहिलंय. वर्षानुवर्षं मी हे पाहत आले. माणसं उपचार टाळतात तेव्हा बहुतेकदा त्यांना विचार पटलेला नसतो, भीती वाटत असते, आणि भीतीला राहायला एक चांगलं घर मिळालेलं असतं. बाबांना ते घर लाओत्झूने दिलं. आई नसलेल्या घरात, संध्याकाळी, ते पुस्तकच त्यांच्याशी बोलत असेल. ते तू उचलून नेलंस तेव्हा त्यांच्याकडे फक्त भीती उरली.

म्हणून त्यांना हेही सांग की पाय कापायची वेळ मधुमेहात येते तेव्हा १०० पैकी सुमारे ८५ जणांमध्ये त्याआधी अशीच एक न भरलेली जखम असते. काकांची वाट आणि बाबांची वाट इथवर सारखी असेल. पण डॉक्टर ही त्या वाटेवरची पुढची पायरी नाही. ती जखम वेळेत भरू दिली की वाट तिथेच संपते. पाय जाईल अशी भीती असेल तर आज दवाखान्यात जाणं हाच पाय वाचवायचा मार्ग आहे.

च्वांगत्झूच्या पाचव्या प्रकरणात शूशान नावाचा एक माणूस आहे. त्या काळी पाय तोडणं ही शिक्षा होती, आणि त्याला ती झालेली. तो टाचांवर चालत कन्फ्यूशियसला भेटायला येतो. कन्फ्यूशियस त्याला म्हणतो, आधीच जपला नाहीस, आता येऊन काय उपयोग. शूशान उत्तर देतो की मी अजाण होतो, शरीर बेफिकिरीने वापरलं, म्हणून पाय गमावला. पण पायापेक्षा मोलाचं काहीतरी माझ्याजवळ अजून आहे आणि ते मला शाबूत ठेवायचंय. या गोष्टीत कन्फ्यूशियस खाली मान घालतो. मी ही गोष्ट पाय गमावलेल्या कितीतरी जणांना सांगितली, कारण ती त्यांचा मान राखते. काकांनाही सांग. आणि बाबांना त्यातलं फक्त एक वाक्य दाखव, शरीर बेफिकिरीने वापरल्याचं. ते वाक्य ताओवाद्यांच्याच पुस्तकातलं आहे, डॉक्टरांचं नव्हे. तुझ्या बाजूने तेच बोलू दे.

भांडून सांगायला जाऊ नकोस. शनिवारी जा, पुस्तक हातात दे, ‘चुकले बाबा’ म्हण. मग विचार की पंधरावं प्रकरण खरं आहे का ते आपण करून बघायचं का. चार आठवडे पाणी खरोखर स्थिर ठेवायचं. गड नाही, जिने कमीत कमी, डॉक्टर देतील तो बूट किंवा प्लास्टर घरातही काढायचं नाही, अगदी रात्री बाथरूमला जातानासुद्धा. प्लास्टर सगळ्यांना चालत नाही, रक्तपुरवठा कमी असेल किंवा आत पू असेल तर धोका असतो, म्हणून ते डॉक्टरांनाच ठरवू दे. साखर नियमात, कारण रक्तात साखर जास्त असली की जंतू मारणाऱ्या पेशी सुस्त पडतात. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं. गवंड्यांना माल लागतो, आणि एकटी राहणारी माणसं चहा-बिस्किटावर दिवस काढतात हे मी नेहमी बघते. व्यायाम हवाच असेल तर खुर्चीत बसून हातांचा. सिगारेट-तंबाखू असेल तर ती मात्र आजच सुटायला हवी.

बाबा गणिताचे शिक्षक आहेत, त्यांना आकडा दे. ड्रेसिंगच्या दिवशी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरून कड गिरवायची, जखमेला लागलेला पदर काढून टाकायचा, वरचा पदर आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. दर आठवड्याला एक. तुमच्या सिस्टरना सांग, त्या करून देतील. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं तर जखम बहुधा पूर्ण मिटते. नाही आलं तर कुठेतरी अजून काहीतरी भांडं हलवतंय, रक्तवाहिनी, हाडातला जंतू, साखर किंवा लपूनछपून चालणं, आणि ते डॉक्टरांबरोबर बसून शोधायचं. मला वाटतं बाबांना हा प्रयोग आवडेल. आलेखावरची रेघ खाली येताना बघणं म्हणजे आपसूक काय असतं ते डोळ्यांनी बघणं.

आणि जखम मिटली की गडावर जायची घाई होईल, तेव्हा त्यांना पुन्हा चौसष्टावं प्रकरण उघडायला लाव. लोकांचं काम बहुतेक वेळा पुरं व्हायच्या बेतात असतानाच बिघडतं, शेवटालाही सुरुवातीइतकंच जपा, असं तिथे लिहिलंय. मधुमेही पायाची मिटलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण १०० मध्ये सुमारे ४० आहे. तेव्हा पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात दहा मिनिटं, नव्या चपलांनी, मग तळवा आरशात बघायचा, मग पंधरा. गड कुठे जात नाही.

पहिलं प्लास्टिक या शनिवारीच गिरवून घ्या. त्यावर तारीख घाल आणि मार्कर घेऊन जा, साध्या पेनची रेघ प्लास्टिकवर पुसली जाते. चार आठवड्यांनी पाचवा कागद झाला की पाचही मोजमापं मला कळव, मी वाट बघते आहे.